पाकिटाने न सांगितलेलं

(आपल्या समाजाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत गेल्या वर्षी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'आहारतज्ज्ञ' असं छापलं आहे. ते चुकलं आहे. मी आहारतज्ज्ञ नाही, डॉक्टर तर नाहीच नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं आणि पुढची एकतीस वर्षं आपल्याच इंदूरमधल्या एका नमकीन कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली. तळणीचं तेल किती उतरलं, शेवेत ओल किती राहिली, पाकिटाचं तोंड नीट चिकटलं की नाही, हे पाहणं माझं काम. पण आजचा विषय चुकलेल्या लेबलांचाच आहे, तेव्हा सुरुवात माझ्यापासून झाली हे बरंच झालं.

चिटणीसांनी मला विचारलं, "काकू, रिकॉल म्हणजे ते मॅगीचं झालं होतं, तेच ना?" तेच. २०१५ च्या जूनमध्ये शिशाच्या प्रश्नावरून देशभरातल्या दुकानांतून मॅगी परत गेली आणि रिकॉल हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. विकलेला माल कंपनीने परत बोलवायचा, त्याचं नाव रिकॉल. पण मॅगीच्या वेळी शंका होती ती विषारी धातूची. मी आज ज्या रिकॉलबद्दल बोलणार आहे त्यात माल चांगला असतो. ताजा, स्वच्छ, चवदार. शंभरातल्या बहुतेकांनी खाल्ला तर ढेकर देऊन मोकळे होतील. अडचण एवढीच की त्यात असं काहीतरी आहे, जे पाकिटाने सांगितलेलं नाही. दूध आहे आणि लिहिलं नाही. दाणे आहेत आणि लिहिलं नाही. अमेरिकेत खाण्याचे पदार्थ परत बोलावले जातात त्यांतलं आघाडीचं कारण जंतू नव्हे, घाण नव्हे, तर हे आहे. आणि त्यातही दूध बरंच पुढे.

आता समोरच्या रांगेतले काका मनात म्हणत असतील, दूध आणि दाणे यांना काय घाबरायचं? मीही तेच म्हणत होते. कारखान्यात परदेशी खरेदीदारांचे तक्ते यायचे, तुमच्या मालात दाणे आहेत का, तीळ आहे का, दूध आहे का. आम्ही ते भरायचो आणि चहाच्या वेळी हसायचो. ही साहेब लोकांची फॅशन आहे, असं मी माझ्या हाताखालच्या मुलींना सांगितलेलं आहे.

२०१८ च्या आषाढी एकादशीला माझी नात चौदा महिन्यांची होती. साबुदाण्याची खिचडी केली होती. मी बोटाच्या टोकावर चिमूटभर घेऊन तिला चाटवली. कौतुकाने. पाचसात मिनिटांत तिच्या ओठाला सूज आली, मग गळ्यावर गांधी उठल्या, मग ती खोकायला लागली, आणि तो खोकला नेहमीचा नव्हता. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडे होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी मांडीत ॲड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा मिनिटांनी मूल हसायला लागलं. मी मात्र पुढे दोन दिवस जेवले नाही. दाण्याचं कूट. आमच्या घरात कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, अळूच्या भाजीत दाणे, खिचडीत तर विचारूच नका. आपल्या मराठी स्वयंपाकात दाणा हा घटक आहे असं आपण मानतच नाही, मीठ आहे तसं कूट आहे. कोणी विचारलं, "कोशिंबिरीत काय घातलंत?" तर आपण सांगतो काकडी, दही, मिरची. कुटाचं नाव घेत नाही. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातही न सांगितलेला घटक असतोच.

थोडक्यात शास्त्र सांगते, मग पुढे जाऊ. शरीराची एक राखणदार फौज असते. काही माणसांत ती दाण्यातल्या, दुधातल्या, अंड्यातल्या किंवा काजूतल्या प्रथिनाला शत्रू समजते आणि घरातच तोफा डागते. अंगावर पित्त उठण्यापासून श्वास बंद होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. दूध न पचणं, पोट फुगणं, हे वेगळं. ते त्रासदायक असतं, जीवघेणं नसतं. भाजल्याने दाण्याचा हा गुण जात नाही, उलट भाजलेला दाणा जास्त बाधतो. आणि किती लागतं? एका दाण्यात साधारण अडीचशे मिलिग्रॅम प्रथिन असतं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी दाण्यासाठी विचारात घेतलेली मात्रा आहे दोन मिलिग्रॅम प्रथिनाची. एका दाण्याचे शंभर तुकडे करा, त्यातला एक. म्हणूनच कढई पुसून घेतली की झालं, हे इथे चालत नाही.

आता पाकिटांकडे येते.

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन आणि वॉशिंग्टन या दोन राज्यांत लेज कंपनीने आपले साधे खारे वेफर्स परत बोलावले. तेरा औंसांची पाकिटं, म्हणजे आपल्या हिशेबाने पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास. बटाटा, तेल, मीठ. या पाकिटात दूध कुठून येणार? पण काही पाकिटांत दूध असण्याची शक्यता निघाली. मोजून ६,३४४ पाकिटं. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये हा रिकॉल पहिल्या वर्गाचा ठरवला. त्यांच्याकडे तीन वर्ग असतात. पहिला म्हणजे ज्याने गंभीर इजा किंवा मृत्यूसुद्धा होण्याची रास्त शक्यता आहे तो. खाऱ्या वेफर्सना तो वर्ग! माझ्या मुलीने तिकडून ते पत्रक मला पाठवलं, कारण आईला असलं वाचायला आवडतं हे तिला माहीत आहे. त्यातली एक ओळ मी दोनदा वाचली. कंपनीला ही गोष्ट कळली ती एका ग्राहकाने कळवल्यामुळे. परत बोलावण्याच्या दिवसापर्यंत कोणाला काही बाधल्याची नोंद नव्हती. म्हणजे कोणीतरी खाणाऱ्याने सांगितलं, आणि कोणीतरी ते ऐकून घेतलं. एवढ्यावर हजारो पाकिटं मागे फिरली.

दुसरी गोष्ट अशी चांगली संपत नाही. जानेवारी २०२४, अमेरिकेतलंच कनेक्टिकट राज्य. पंचवीस वर्षांची एक नर्तिका. तिला दाण्याची ॲलर्जी होती, तिला ते पक्कं माहीत होतं आणि ती काळजी घेत होती. एका मेळाव्यात तिने फ्लोरेंटीन नावाची बिस्किटं खाल्ली. स्टू लेनर्ड्स नावाच्या तिथल्या दुकानांची ती बिस्किटं. पाकिटावर दाण्याचा उल्लेख नव्हता. बिस्किटात होते. ती गेली. नंतर कळलं ते असं: बिस्किटं बनवणारी कंपनी वेगळी, लेबल लावून विकणारं दुकान वेगळं. बनवणाऱ्यांनी आधी बिस्किटात सोयाबीनचे दाणे वापरले होते, मग त्याजागी भुईमुगाचे घातले. बनवणारी कंपनी म्हणते, आम्ही जुलै २०२३ मध्येच दुकानाला कळवलं होतं. दुकान म्हणतं, आमच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला कोणी सांगितलंच नाही. लेबल जुनंच राहिलं. सुमारे ५०० पाकिटं विकली गेली होती.

मंडळी, मी हे वाचलं तेव्हा मला राग आला नाही. मला घाम फुटला. कारण अशी चूक कशी होते हे मी आतून पाहिलेलं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यात कोणीतरी बेफिकीर असणार. तसं क्वचित असतं. बहुतेक वेळा प्रत्येकाने आपलं काम बरोबर केलेलं असतं आणि दोघांच्या मधली गोष्ट पडलेली असते. दुपारच्या पाळीत मिश्रणाचं पाकीट संपतं, पुढचा माल येतो, पण यंत्रावर प्लास्टिकचं रीळ आधीचंच राहतं. वीसेक मिनिटं एका मालाच्या पाकिटात दुसरा माल भरला जातो. किंवा मोडकी, चुरा झालेली शेव टाकून न देता पुढच्या घाण्यात मिसळतात, त्याला आमच्याकडे 'रिवर्क' म्हणायचे. चुऱ्याला आपलं नाव राहत नाही. किंवा दाणे तळलेल्या तेलात पुढची डाळ तळतात. तेल गाळतात, पण प्रथिन गाळणीत थांबत नाही. आणि सगळ्यात फसवा म्हणजे मसाला. शेव तुमची, पीठ तुमचं, पण वरून भुरभुरायचा चटपटा मसाला बाहेरून पोत्यात येतो. त्यात काय आहे ते पोतं सांगेल तेवढंच तुम्हाला कळतं.

इथे मला माझी एक सही सांगायची आहे. ही गोष्ट मी आजवर घराबाहेर बोललेले नाही.

२०१२ साल. आमच्या मसालेवाल्याने भाव वाढवले म्हणून खरेदी विभागाने दुसरा पुरवठादार धरला. चव तीच, रंग तोच, थोडा अधिकच मऊ. मी ओल तपासली, मीठ तपासलं, पास केलं. त्याच लॉटमधला काही माल परदेशी जायचा होता. तिकडच्या खरेदीदाराने मसाल्याचा घटकतक्ता मागितला, आम्ही तो पुरवठादाराकडून मागवला, आणि त्यात दिसलं की मसाल्यात दुधाच्या व्हेची भुकटी आहे. आधीच्या मसाल्यात नव्हती. झालं, रात्री उशिरापर्यंत बसून पॅकिंगच्या बायकांनी परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर 'यात दूध आहे' अशी इंग्रजी चिठ्ठी चिकटवली. मी स्वतः त्यांच्याबरोबर बसले होते. पण त्याच लॉटचे दोन ट्रक आधीच नागपूर आणि जबलपूरला गेले होते.

मी मालकांकडे गेले. माणूस वाईट नव्हता. माझ्या यजमानांच्या आजारपणात तीन महिने बिनबोभाट पगार दिलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मैडम, दूध से किसको क्या होता है?" कायद्याने ते चुकीचंही नव्हतं. तेव्हाच्या नियमात मालात पाच टक्क्यांहून कमी असलेल्या मिश्र घटकाच्या पोटातलं सगळं लिहायची सक्ती नव्हती. 'मसाले' एवढं लिहिलं की पुरे. मी खोलीत परत आले आणि लॉटच्या कागदावर सही केली. त्या कागदावर माझीच सही आहे.

तक्रार आली नाही. एकही नाही. पुष्कळ वर्षं मी यावर समाधान मानलं. नात आजारी पडली त्यानंतर मात्र मला वेगळंच दिसायला लागलं. जबलपूरमध्ये एखाद्या पोराला ती शेव खाऊन पित्त उठलं असेल, तर त्याच्या आईने काय केलं असेल? काल खाल्लेला आंबा आठवला असेल. पाणी बदललं म्हणाली असेल. मीठमोहऱ्या ओवाळल्या असतील. पाकिटाकडे बोट दाखवायचं तिच्या मनातही आलं नसेल, आणि आलं असतं तरी मागच्या पत्त्यावर पत्र कोण टाकतं? तक्रार येत नाही याचा अर्थ काही झालं नाही, असा होत नाही. तिकडे ऑरेगनमध्ये जे एका ग्राहकाने केलं, ते आपल्याकडे कोणी करत नाही, म्हणून आपल्याकडे असले रिकॉल ऐकू येत नाहीत. माल आपला जास्त चोख आहे म्हणून नव्हे.

आता मसाल्याचीच गोष्ट थोडी पुढे नेते, कारण ती आपल्या देशापर्यंत येते. २०१४ च्या अखेरीला आणि २०१५ मध्ये अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत दाण्याचं प्रथिन सापडलं. जिरं! ते एकट्या डबीत राहत नाही. ते टाको मसाल्यात, सॉसमध्ये, मुरवलेल्या मटणात, सूपात जातं. शेकडो पदार्थ परत बोलवावे लागले. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये जिऱ्याच्या पुडीत बदाम असल्याचा संशय आला आणि ती परत बोलावली गेली. मागाहून अधिक बारकाईने तपासलं तेव्हा तो बदाम नव्हताच, महलेब नावाच्या एका रानचेरीच्या बीचा अंश होता आणि चाचणी फसली होती. तो रिकॉल मागे घेतला. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या बाईने हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की यंत्र कधी चुकत नाही.

आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने दाण्याची ॲलर्जी असलेल्या लोकांना सांगितलं, मोहरी असलेला कुठलाही पदार्थ काही काळ खाऊ नका. मोहरीच्या पुडीत दाणे आढळले होते, आणि त्या मोहरीचा माग भारतापर्यंत आला होता. एका पुडीपायी सँडविचं, सॅलडं, सॉस, चटण्या, किती काय काय मागे घेतलं गेलं. आपल्याला यात नवल वाटू नये. आज शेतातून दाणे वाहणारी गोणी उद्या मोहरी वाहते. गिरणीत आधी कुणाचे दाणे दळले गेले, हे विचारून आपण आपली मोहरी दळायला टाकतो का?

हिंगाचं सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या डबीतला हिंग म्हणजे निव्वळ हिंग नव्हे. अस्सल हिंग हा झाडाच्या मुळातून निघणारा चीक; तो इतका उग्र असतो की चुटकीभर वापरणंही कठीण. म्हणून त्यात डिंक आणि मैदा किंवा तांदळाचं पीठ मिसळून बांधणी हिंग करतात. डबीवर ते लिहिलेलं असतं, घरी गेल्यावर चष्मा लावून वाचा. पण तोच हिंग शेवेत गेला की शेवेच्या पाकिटावर नुसतं 'हिंग'. ज्यांना सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन ज्यांच्या आतड्याला बाधतं, आणि उत्तर भारतात असे रुग्ण पुष्कळ आहेत, त्यांना घरचे सांगतात, "अरे, बेसनाची शेव आहे, गहू कुठे यात? खा बिनधास्त."

नियम आपल्याकडे आले आहेत, हे मी मान्य करते. २०२० च्या लेबलिंग नियमांनी ग्लुटेनची धान्यं, कोळंबी-खेकड्याचा वर्ग, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचफळं, सोयाबीन आणि ठरावीक मात्रेवरचे सल्फाइट, हे वेगळं लिहिणं सक्तीचं केलं. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या खानावळींनाही ही माहिती द्यायला लावली आहे. माल परत कसा बोलवायचा याचे नियम २०१७ पासून आहेत. यादीत तीळ नाही आणि मोहरी नाही. युरोपच्या चौदांच्या यादीत दोन्ही आहेत. ज्या देशात संक्रांतीला तीळ वाटतात आणि चकलीला तीळ लागतोच, तिथे तो यादीत असायला हवा होता, असं माझं मत आहे.

पण नियम आला म्हणजे सरळ वागतात, असंही नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ सक्तीच्या यादीत आला. काही पाव-कारखान्यांनी काय केलं? यंत्रं तीळमुक्त ठेवणं कटकटीचं, म्हणून पावात मुद्दाम चिमूटभर तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि लेबलावर लिहून टाकलं, 'तीळ आहे'. कायदा पाळला, आणि तिळाची ॲलर्जी असलेल्या पोरांचा रोजचा पाव तेवढा गेला. असल्या हुशारीबद्दल आपल्याकडे एक शब्द आहे, पण मांडवात बाप्पा बसले आहेत.

खरी अडचण आपल्या इंदूरची वेगळीच आहे. आपण पाकिटातलं खातो किती? सकाळी पोह्यांवर शेव पडते ती परातीतून. संध्याकाळी अर्धा किलो मिश्रण घ्यायचं तर दुकानदार समोर तोलून पिशवीत भरतो, मेणबत्तीवर नाहीतर छोट्या यंत्रावर तोंड बंद करतो. त्यावर ना घटक, ना लॉट नंबर. आज कळलं की काल सकाळच्या घाण्यात काजूचा चुरा गेला होता, तरी परत बोलावणार कोणाला? लॉट नंबर ही कंटाळवाणी गोष्ट वाटते, पण रिकॉल उभा असतो तो त्या आठ आकड्यांवर.

ब्रिटनमध्ये नेमक्या अशाच फटीतून एक मुलगी गेली. नताशा, पंधरा वर्षांची. १७ जुलै २०१६ ला लंडनच्या विमानतळावर तिने एक पावाचं सँडविच घेतलं. तीळ पावाच्या पिठातच मळलेला होता, वरून दिसत नव्हता. दुकानाने माल तिथेच बनवून तिथेच गुंडाळला असेल तर प्रत्येक पुडीवर घटक लिहायची सक्ती तेव्हा नव्हती. विमानात तिची तब्येत बिघडली. वडिलांनी जवळची दोन्ही इंजेक्शनं दिली, ती पुरली नाहीत. आईवडिलांनी पुढे पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे तिच्या नावाचा कायदा लागू झाला: दुकानात बनवून दुकानातच बांधलेल्या पुडीवरही सगळे घटक लिहायचे. आपल्या मेणबत्तीवर चिकटवलेल्या पिशवीच्या अगदी जवळची ही गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, हे आपल्या माणसांना जमणार नाही, आपला स्वभावच तसा नाही. मला हे पटत नाही. कशाला काय लागलं, याचा आपल्याइतका विचार जगात क्वचितच कोणी केला असेल. उपासाची कढई वेगळी, हे माझ्या आजीने मला शाळेच्या आधी शिकवलं. फलाहारी चिवड्याला कांद्याच्या भज्यांचं तेल लागलेलं चालत नाही. जैन शेजारी कांदा-लसूण विचारूनच घेतात, आणि आपण अचूक सांगतो, बिनचूक. आमच्या कारखान्यात परदेशी लेखापरीक्षक आले की ते म्हणायचे, फलाहारी मालाची तुमची व्यवस्था उत्तम आहे. वेगळी खोली, वेगळी भांडी, सकाळी पहिला घाणा. मी त्यांना सांगायचे, ही व्यवस्था आम्ही तुमच्याकडून घेतलेली नाही. (सोवळ्याचा माणसांना दूर ठेवणारा जो भाग होता तो मी इथे आणत नाही. तो गेला तितका बरा.) एकादशी मोडल्याच्या तक्रारीची पत्रं आम्हाला यायची, लाल शाईत, पाकिटासकट. एकदा तर शेठजींनी फलाहारी चिवड्याचा अख्खा माल परत मागवला होता, कारण त्यात शेवेचा एक तुकडा सापडला. अख्खा माल! आणि दुधाचे दोन ट्रक मात्र जबलपूरला गेले. दोन्ही वेळी माणूस तोच होता.

आता आपल्या मांडवातलं बोलते, मग तुम्हाला सोडते. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी आरती झाली, मी प्रसादाच्या रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक बाई आणि तिचा सहासात वर्षांचा मुलगा. मुलाने हात पुढे केला. बाईने विचारलं, "यात काजू आहेत का हो?" वाटणारा आपला कार्यकर्ताच, चांगला मुलगा, सकाळपासून उभा होता. तो म्हणाला, "अहो वहिनी, प्रसाद आहे. प्रसादाने काही होत नाही." बाई ओशाळली. तिने मुलाची मूठ मिटली आणि त्याला बाजूला घेऊन गेली. मागे गर्दी होती. मला सगळं माहीत असून मी काही बोलले नाही, पुढे सरकले आणि माझा प्रसाद घेतला. यंदा व्याख्यानाचं विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं ते त्यामुळे.

म्हणून आज दुपारी मी खिरापतीच्या पातेल्यावर एक कागद चिकटवला आहे. सुकं खोबरं, खसखस, खारीक, बदाम, खडीसाखर, वेलदोडा. खाली 'दाणे नाहीत, तीळ नाही' आणि तारीख. जुनी सवय. आनंदमेळ्यात स्टॉल लावणाऱ्या भगिनींनाही मी तेवढंच मागणार आहे, वहीच्या पानावर आपल्या अक्षरात चार ओळी. कोशिंबिरीत कूट असेल तर कूट लिहा. डोळ्यांसमोर कोणाला सूज आली, श्वास लागला, तर लिंबूपाणी नको आणि पित्ताच्या गोळीची वाट पाहणंही नको. परदेशात मिळतं ते इंजेक्शनचं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, तेव्हा आडवं करून, पाय उंच ठेवून, श्वास लागला असेल तर टेकवून बसवून, सरळ जवळचा दवाखाना गाठा आणि 'ॲलर्जी आहे, ॲड्रेनलिन द्या' एवढं स्पष्ट सांगा.

बोलता बोलता मला ही एक चिठ्ठी आली आहे. महिला मंडळाकडून आहे. मघापासून हातात धरून आहे, वाचूनच दाखवते. "काकू, सकाळी बदाम कमी पडले म्हणून शेवटच्या घाण्यात मूठभर काजू कुटून घातले. तुमच्या कागदावर नाहीत."

तर मी आता खाली उतरते आणि कागद दुरुस्त करते. तोवर वाटप थांबवा. आणि गेल्या वर्षीची ती आई आज इथे बसली असेल तर तिच्या प्रश्नाचं उत्तर: हो ताई, आहेत.